कुठल्या सालचा नियम?

१९ एप्रिल. शाळेचं दाखल-रजिस्टर वाळवीनं खाल्लं, म्हणून सुट्टी लागायच्या आत ते नव्या वहीत उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं आहे. सकाळपासून बसले आहे. नाव, बापाचं नाव, गाव, जन्मतारीख. जन्मतारखेच्या रकान्यात डोकं लागत नाही. निम्म्याहून जास्त मुली १ जूनला जन्मल्या आहेत. आईबापांना तारीख ठाऊक नसते. 'पेरणीच्या टायमाला झाली' किंवा 'शिमग्याच्या मागं झाली' एवढंच सांगतात, आणि मास्तर १ जून लिहून मोकळा होतो. मीही तेच करत आले.

याच रकान्यावरून एक माणूस माझ्याशी भांडला होता. तेव्हा मी इंदापूरला मुलींच्या शाळेत नवीनच होते. वर्ग चालू असताना एक उंच, वाळका गृहस्थ दारात येऊन उभा राहिला. अंगात काळा कोट, खांद्याला दोरीनं अडकवलेला बांबूचा नळा. ज्योतिषी असावा असं वाटून मी शिपायाला हाक मारणार, तोच ते म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेत एकाच दिवशी किती बाळंतिणी मोकळ्या झाल्या?"

"आपण कोण?"

"मी कोणी नाही. रजिस्टर बघू द्याल का?"

"कोणी नसलेल्या माणसाला मी रजिस्टर दाखवत नाही."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण पुढं मॅट्रिकच्या फॉर्मवर हीच तारीख चढते. ती मागाहून बदलून मिळत नाही. आज विचारायला दहा मिनिटं लागतील."

एवढं बोलून गेले. पाण्याचा तांब्या पुढे केला होता, त्याला हातही लावला नाही. शिपायाला विचारलं तर तो म्हणाला, "ह्यो व्हय? फारमवाले तात्या. याड लागलंय त्यांला."

वेड लागलेला माणूस इतकं मुद्द्याचं बोलत नाही. मला संशय आला तो तिथूनच.

दर रविवारी इंदापूरच्या बाजारात दोरखंडवाल्याच्या पालाशेजारी ते पोतं टाकून बसत. बांबूच्या नळ्यातून छापील कागद निघत: मॅट्रिकचे नियम, परीक्षेच्या विषयांची यादी, शाळाखात्याची परिपत्रकं. नियम दर एकदोन वर्षांनी बदलत. कधी एखादा विषय सक्तीचा होई, कधी ऐच्छिक. कधी उत्तरं मराठीत लिहिलेली चालत, कधी तेवढ्या एका विषयाला चालत नसत. प्रत्येक बदलाची पट्टी ते जुन्या छापील ओळीवर खळीनं चिकटवत. असं करत करत त्यांची नियमांची पुस्तिका भाकरीएवढी जाड झाली होती. ज्यांची पोरं हायस्कुलात होती, ती माणसं बाजार आटोपून त्यांच्यापुढे बसत. कळंबचे, निरवांगीचे, भिगवणहून गाडीनं आलेले. बहुतेकांच्या घराण्यात हायस्कुलाचं तोंड पाहिलेलं ते पहिलंच पोर असे.

'असा असा नियम हाय म्हनं,' असं कोणी म्हणालं की तात्यांचा प्रश्न ठरलेला: "कुठल्या सालचा?" हा प्रश्न त्यांच्या तोंडात इतका बसला होता की एकदा दोरखंडवाला म्हणाला, "तात्या, ऊन लई हाय," तर हे कागदातून मान वर न करता म्हणाले, "कुठल्या सालचं?" तेव्हापासून बाजारात पोरंटोरं त्यांना तेच ओरडून विचारत.

या सगळ्याबद्दल ते कोणाकडून काही घेत नसत, आणि लोकांना हेच पटत नव्हतं. चहा नाही, पानाचा विडा नाही, शेतातल्या चार शेंगा नाहीत. भाकरी स्वतःच्या फडक्यातली, पाणी स्वतःच्या फिरकीच्या तांब्यातलं. कोटाचे सगळे खिसे त्यांनी शिवून टाकले होते. मी जवळून पाहिलं आहे, जाड काळ्या दोऱ्याचे टाके होते. कोणी विचारलं की म्हणत, "खिसा दिसला की लोकांना काहीतरी घालावंसं वाटतं."

गावात तर्क चालत. मुलांची वयं विचारतात म्हणजे लग्नं जुळवत असणार. शेतकऱ्यांच्यात बसतात म्हणजे पाटबंधारे खात्यानं चोरून पाणी घेणाऱ्यांची नावं काढायला पाठवलेले असणार. सत्याग्रहाचे दिवस होते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी संशय: फौजदाराला वाटे हे काँग्रेसचे, आणि खादीवाल्यांना वाटे हे फौजदाराचे. कुठल्याशा हायस्कुलात कारकून होते, तिथून निघाले की काढले गेले हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. माझा स्वतःचा तर्क साधा होता. फुकट काम करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. पैसे दुसऱ्या वाटेनं येत असले पाहिजेत, आणि ती वाट कुठली एवढंच शोधायचं राहिलं होतं.

समजावून सांगण्याची त्यांची रीत मात्र मी दुरून ऐकत असे, आणि शिक्षिका म्हणून मला ती चोरावीशी वाटे. कालव्याकाठच्या लोकांना ते ब्लॉकाच्या भाषेत सांगत. पाटाचं पाणी मिळणारा जमिनीचा ठरावीक तुकडा, म्हणजे ब्लॉक, मंजूर झाला की त्यातल्या एका भागात ऊस लावायचा आणि उरलेल्यात भुसार पिकं, हा सरकारी नियम तिथल्या प्रत्येकाला पाठ.

"ब्लॉक घेतलाय न्हवं?" ते विचारत.

"घेतलाय की."

"मग समद्या ब्लॉकात ऊस लावशील का?"

"लावू देत्यात व्हय! पंचनामा करत्याल."

"मग तसंच हाय हे. काही विषय सरकार सांगंल तेच. उरलेल्यात तुजी निवड. पन निवड कागदावर लिहून द्याची, आन् एकदा दिली की दिली."

शेवटचं वाक्य ते दोनदा म्हणत, आणि मग मला न आवडणारा प्रकार सुरू होई. ऐकणाऱ्याला ते सगळं परत सांगायला लावत. बाप, आई, सोबत आलेली आजी, एकेकाला. "सांग बघू, काय कळलं?" साठीचा म्हातारा पोतं धरून बसला आहे आणि शाळेतल्या पोरासारखा चाचरत म्हणतो आहे, 'इंग्रजी सक्तीचं... गनित...' आणि चार लोक बघून हसताहेत. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. एका बाईनं तर चिडून सुनावलं, "मी काय परीक्षेला बसलीया का?" तात्या म्हणाले, "बसलासाच की. पोरगं नुसतं पेपर लिवनार हाय." हा मला माणसांचा अपमान वाटे. वर्गात मी हेच करते, पण तिथे मला त्याचा पगार मिळतो.

पुढे लोकल बोर्डानं माझी बदली मुख्याध्यापिका म्हणून बारामतीच्या मुलींच्या शाळेत केली आणि मला बरंच वाटलं. यजमान जाऊन सात वर्षं झाली होती. कमल, माझी एकुलती एक, हायस्कुलात जायच्या वयाची होती आणि बारामतीला हायस्कूल होतं. ती तिथे हुशार मुलींत गणली गेली, फक्त भूमिती सोडून. "त्रिकोण बघितला की मला झोप येते," म्हणायची. पुण्याला डॉक्टरी शाळेत जायचं हे मात्र तिनं दहाव्या वर्षीच ठरवलं होतं, आणि मीही ते डोक्यात घेतलं होतं. तिच्या बापाचं दुखणं आम्ही दोघींनी पाहिलेलं होतं.

गेल्या जूनमध्ये ती इंग्रजी सहावीत, म्हणजे मॅट्रिकच्या आदल्या वर्गात, गेली आणि हायस्कुलातून विषयांचा कागद आला. मॅट्रिकला कुठले विषय घेणार ते लिहून, पालकाची सही करून द्यायचं. त्यात नवी सवलत होती: मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्र घेता येईल. मला हायसं वाटलं. भूमितीचं ओझं गेलं, मुलगी पहिल्या झटक्यात पास होईल. मी गृहशास्त्र लिहिलं, सही केली आणि कागद देऊन टाकला. शनिवारी दुपारी सगळे कागद मुख्याध्यापकांपुढे जाऊन यादी कायम व्हायची होती.

त्याच आठवड्यात, गुरुवारच्या बाजारात, आम्ही मायलेकी वांगी घेत होतो. वांगीवाले निरवांगीचे आबा. स्वतःच्या मळ्यातला माल बैलगाडीनं घेऊन आदल्या दिवशी मुक्कामाला येत, आणि इंदापूरच्या दिवसांपासून माझ्या ओळखीचे. ते तागडी धरतात तोच मागून आवाज आला, "सहावीत गेली का मुलगी?"

कोट तोच होता. मी तुटकपणे हो म्हटलं.

"विषय कुठले दिले?"

कमलनं सांगून टाकलं. तात्यांनी कपाळाला आठी घातली. "बाई, मला परत सांगा. गृहशास्त्र घेऊन काय होईल?"

"मी तुमच्या पोत्यावर बसलेली नाही," मी म्हटलं.

"उभ्यानं सांगा."

आबा तागडी तशीच धरून ऐकत होते. मी, मुख्याध्यापिका, भर बाजारात धडा म्हणून दाखवू? पण गप्प बसले असते तर मला येत नाही असा अर्थ झाला असता. म्हणून ठणकावून सांगितलं. "गृहशास्त्र घेतलं की गणित नाही. गणित नाही म्हणजे ती नक्की पास होणार. मॅट्रिक झाली की पुण्याला डॉक्टरी शाळेत जाईल."

"ते घेतील?"

"मॅट्रिक पास झालेल्या मुली घेतात."

"गणित न घेता मॅट्रिक झालेल्या?"

"मॅट्रिक म्हणजे मॅट्रिक."

"हे कुठल्या सालचं?"

मी मनातल्या मनात साल मोजलं. मला हे एका परिचारिकेनं सांगितलं होतं, इंदापूरला असताना. तेव्हा ही सवलतच नव्हती. प्रत्येक मुलगी गणित घेऊनच मॅट्रिक होत होती.

"मग तुम्ही सांगा," मी म्हटलं. "आत्ताचा नियम काय आहे?"

"मला ठाऊक नाही."

"ठाऊक नाही, तर मध्ये कशाला पडता?"

"ठाऊक नाही म्हणूनच. गणित घेतलेल्या मुलीला, तू गणित का घेतलंस म्हणून कोणी परत पाठवलेलं मी पाहिलेलं नाही. उलटं होऊ शकतं."

"आणि ती भूमितीत नापास झाली म्हणजे?"

"तेही होऊ शकतं," असं म्हणून ते वळले आणि माणसांत दिसेनासे झाले.

मी इतकी संतापले होते की आबांना म्हटलं, "ह्या माणसाला यात काय मिळतं? कुठल्या शिकवणीवाल्याचं कमिशन खातो का?"

आबांनी वांगी माझ्या पिशवीत ओतली. "कमिशनचं म्हाईत न्हाय बाई. पन माज्या थोरल्याचं वाटुळं ह्याच मानसानं केलं."

"काय सांगता?"

"मग! धा-बारा वर्सं झाली. तवा आमच्या वस्तीवर येऊन आमच्या पंगतीला जेवला. पुरनपोळी खाल्ली. आन् ब्लॉकाचं उदारन दिऊन समदं समजावलं. मला वाटलं, आता हे आपल्या वळखीचं काम झालं. ब्लॉकात आमी ऊस दर साली फिरवतो, यंदा ह्या तुकड्यात, फुडल्या साली त्या. मी म्हनलं पोराचे विषय बी तसंच फिरत असत्याल. पोराला गनित जड, आन् त्या साली गनित सोडाया बी मिळत व्हतं, म्हून यंदा दुसरा सोपा विषय लिवला, फुडल्या साली गनिताची पाळी यील. त्यानं कागद वाचून दिला, मी आंगठा उठवला. पोरगं पास झालं. आन् पाटाचा सायेब व्हायला वव्हरशीरच्या शाळंत गेलं तर म्हनले, गनित न्हाय, चल भाईर. आता पाटकरी हाय. ज्या पाटावर वव्हरशीर व्हायचा, तितं दारं उघडतोय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? ह्याच बाजारात गळपट्टी धरली. म्हनलं, तुमीच सांगितलं की ब्लॉकावानी हाय! ह्यानं गळपट्टी सोडवून बी घेतली न्हाय. मग म्हनला, 'आबा, मी सांगितलं, पन तुमाला काय कळलं ते इचारलंच न्हाय.' तवापास्नं कुनाच्या घरचं पानी घेत न्हाय, आन् समद्यांकडनं वदवून घेतो. काय इचारायचं ते इचारा त्याला, ह्या गोष्टीवर बोलत न्हाय."

"आणि तुम्ही अजून त्याला राम राम करता?"

आबा हसले. "राम राम काय, धाकट्याला त्याच्याकडंच नेला व्हता. दुसरा कुनी सांगतो ते छाती फुगवून सांगतो. ह्यो सांगताना घाबरतो. मला घाबरनारा बरा."

बोलणं ऐकायला बरं वाटलं, पण म्हणून मी लगेच विश्वास टाकणार नव्हते. पुण्याच्या शाळेला मी त्याच दुपारी उत्तराच्या कोऱ्या कार्डासकट जोडकार्ड लिहिलं: गृहशास्त्र घेऊन मॅट्रिक झालेल्या मुलीस प्रवेश मिळेल काय? उत्तर यायला दिवाळी उजाडली, आणि त्यात लिहिलं होतं की प्रवेशाचे नियम बदलण्याचं चाललं आहे, छापून आल्यावर कळवू. त्यानंतर कळवलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी मला दुसराच धागा मिळाला. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की तात्यांचा सख्खा पुतण्या बारामतीतच भूमितीच्या शिकवण्या घेतो. मला आनंदच झाला म्हणा. वाट सापडली होती. काका बाजारात गणित घ्यायला भरीस घालणार, पुतण्या घरी बसून शिकवणार. शाळा सुटल्यावर मी तडक त्याच्या बिऱ्हाडी गेले. विशीतला गोरा पोरगा, दारातच उभा राहिला.

"तुमच्या काकांनी पाठवलंय," मी खोटंच सांगितलं. "मुलीला भूमिती शिकवायची आहे."

त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "काकांनी? शक्य नाही, बाई. माझ्याकडे पोरं येऊ नयेत म्हणून ते बाजारात सांगत फिरतात की मला भूमिती येत नाही."

"येत नाही?"

"बरी येते. पण आमच्या आडनावाचा माणूस यावर पैसे मिळवतो असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी माझ्या पोटावर पाय आणलाय. मागच्या वर्षी तीन शिकवण्या तोडल्या. काकांनी खरंच पाठवलं असेल तर तसं लिहून आणा, मी फ्रेम करून लावतो."

मी तिथून निघाले ती अधिकच गोंधळून. मला हवं होतं ते सापडलं नव्हतं. माणूस लबाड निघाला असता तर माझी सुटका झाली असती. मी म्हणाले असते, लबाडाचं काय ऐकायचं, आणि माझी सही तशीच राहिली असती. आता लबाड म्हणून त्यांना टाकून देता येत नव्हतं, आणि शहाणे म्हणून त्यांचं ऐकावं तर त्यांना स्वतःलाच नियम ठाऊक नव्हता.

संध्याकाळी कमल तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, आबांचं आणि पुतण्याचंसुद्धा. ऐकून म्हणाली, "आई, भूमितीत नापास झाले तर परत बसता येतं ना?"

"येतं."

"आणि गृहशास्त्र घेऊन पास झाले, आणि पुण्याला नाही म्हणाले, तर परत बसता येतं?"

"पास झालेल्या मुलीला परत कशाला बसवतील?"

"मग झालं तर," ती म्हणाली आणि तांदूळ पाखडू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण मी नापास झाले तर तू त्या तात्यांना बाजारात गाठशील. आबांसारखी."

मी चूल पेटवायला घेतली. खरं तर गाठलं असतं. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

ते आता कुठे आहेत सांगता येत नाही. गेली दिवाळी झाल्यापासून ना बारामतीच्या बाजारात दिसले, ना इंदापूरच्या. कोणी म्हणतं सोलापुराकडे गेले, कोणी म्हणतं फौजदारानं हाकललं. पोरं अजून एकमेकांना 'कुठल्या सालचा?' विचारतात. कमल आता सातवीत जाईल. पुढच्या मार्चमध्ये परीक्षा. सहामाहीला भूमितीत जेमतेम निभावली. त्यांच्याबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. ज्याला काहीच नको असतं त्याला काय हवं असतं हे मला कळत नाही, आणि जे कळत नाही त्याला मी चांगलं म्हणत नाही. पण तो शनिवार मला स्वच्छ आठवतो.

तांदूळ निवडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हायस्कुलाचं फाटक उघडायच्या आधी मी तिथे उभी होते. कारकून आला, कुलूप काढलं, मला पाहून कपाळाला हात लावला. मी कमलचा कागद परत मागितला. त्यानं गठ्ठ्यातून शोधून काढला, पण हातातून सोडेना.

"बाई, चांगली सवलत मिळालीय. कुणी सांगितलं बदलायला? तो बाजारातला फॉर्मवाला?"

मी कागदासाठी हात पुढेच धरला.

"त्याच्या नादानं इथं दरवर्षी दोघंतिघं येतात. उद्या मुलगी नापास झाली म्हणजे त्याच्या नावानं रडत आमच्याकडं येऊ नका."

"नाही येणार," मी म्हटलं. "मला कोणी सांगितलेलं नाही. द्या इकडे."

गृहशास्त्रावर मी एक सरळ रेघ मारली आणि वर गणित लिहिलं. बाजूला बदलाचं कारण लिहायला आणि ते सांगणाऱ्याचं नाव घालायला जागा होती. कारकून दौत पुढे सरकवून पाहत होता. कारण म्हणून मी लिहिलं 'आईचा निर्णय', नावाच्या जागी माझं पूर्ण नाव घातलं, शाई टिपली आणि घंटा व्हायच्या आत माझ्या शाळेत जाऊन पोचले.